नवी पहिल्या जागी, जुनी दुसऱ्या

११ जानेवारी

श्रीमान साडूराव, संगणकवैद्य यांस,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण गुडघे परवानगी देत नाहीत. बसल्या जागेवरून केलेला गोड मानून घ्यावा.

एक गंभीर गाऱ्हाणं आपल्या दरबारी रुजू करतो. बारा वर्षांपूर्वी आपण स्वहस्ते जोडून आमच्या बाहेरच्या खोलीत जो संगणक स्थापन केलात, त्याने आता संन्यास घेतला आहे. सकाळी मी बटण दाबतो. आतून आधी एक सुस्कारा येतो. मग पंखा घसा खाकरतो. मग पडद्यावर एक चक्र उगवतं आणि फिरत राहतं. मी दाढी करतो, चक्र फिरतं. मी आंघोळ करून येतो, चक्र फिरतंच. ध्यानाला बसलेल्याला हलवू नये असं आमच्या गुरुजींनी शिकवलं आहे, म्हणून मी संयम राखतो. नाहीतर एक लाथ केव्हाच बसली असती.

आमची ही, म्हणजे तुमच्या आकडसासूबाई, रोज स्वयंपाकघरातून विचारते, "उठलं का तुमचं?"

"कूस बदललीये," मी म्हणतो.

मग ती दोन कप घेऊन बाहेर येते आणि आम्ही त्या चक्रासमोर बसून चहा पितो. नळाचं पाणी, शेजारणीची सून, माझी फाटकी कॉलर, सगळे विषय तेवढ्यात होतात. एरवी ही मोजकंच बोलते. मौनाच्या बाबतीत तिचा अधिकार असा, की ऋषींनी तिच्याकडे शिकवणी लावावी. तेव्हा यंत्र मंद असण्याचा तेवढा एक लाभ मी नाकारत नाही.

पण लाभाने पोट भरत नाही. शाळेतलं संस्कृत मुलं हल्ली गुण मिळवायला घेतात आणि गुण मिळाले की सोडतात. खरा आधार छापखान्याच्या प्रुफांचा. पूर्वी कागद यायचे. आता फायली येतात, आणि त्या उघडताना आमच्या संन्याशाला मूर्च्छा येते. छापखान्याचा मालक परवा म्हणाला, "पंडित, तुम्ही तपासता लवकर, पण उघडता उशिरा." नवा घ्यावा म्हटलं तर ही ऐकत नाही, का ऐकत नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा याच कुडीत नवे प्राण फुंकता येतील का?

फोन न करता लिहितो आहे, कारण घर दोन खोल्यांचं आणि हिचे कान तिखट. दोघी बहिणींनी एकमेकींशी बोलणं टाकल्यापासून आपण साडू चोरून भेटणाऱ्या प्रेमी जिवांसारखे झालो आहोत. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवावं. शिपाई विश्वासू आहे. त्याला वाचायचा कंटाळा आहे.

आपला,
पंडित


१९ जानेवारी

पंडित, नमस्कार.

पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं. या खेपेला शब्दकोश लागला नाही, म्हणजे तुमची प्रकृती बरी दिसत नाही.

नवा घ्या असं मीही म्हणणार नाही. तो डबा मी जोडलाय, त्याचा मदरबोर्ड अजून माझ्याहून ठणठणीत असणार. दुखणं दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे रॅम. तेव्हा दोन जीबी म्हणजे श्रीमंती होती, आज तेवढ्यात नुसतं उठून उभं राहायलाच धाप लागते. आठ करू. दुसरं म्हणजे हार्ड डिस्क. तिच्यात तबकडी फिरते आणि वर सुई हिंडते. म्हातारपणी दोघी कुरकुरतात. तिच्या जागी एसएसडी घालू. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे झटकन उठते. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायचं की झालं.

रॅमच्या दोन पट्ट्या सोबत पाठवतोय. डबा उघडण्याआधी वायर काढा आणि लोखंडी कपाटाला हात लावा, म्हणजे अंगातली वीज उतरेल. मंत्र म्हणायची गरज नाही. जुन्या पट्टीच्या दोन्ही टोकांचे खटके बाहेर ढकला, पट्टी वर येईल. नव्या सरळ दाबून बसवा. खटके आपणहून टक् करून मिटले पाहिजेत. पंखे ब्रशने झाडा.

आता एक विचारतो. चालू असताना डिस्क आतून कट-कट करते का? करत असेल तर तिचे दिवस भरलेत. घाई करायला हवी, कारण तिच्यावर काय आहे ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. सासूबाई शेवटच्या आजारपणात तुमच्याकडे होत्या तेव्हा तुम्ही नवा माइक आणला होतात, आणि तो तपासायला त्यांनाच बोलतं केलं होतंत. त्यांचा आवाज जगात तेवढाच उरलाय. त्या गेल्या त्याला चार वर्षं झाली. आमच्या घरची धाकटी आपल्या दोघांमार्फत तो मागतेय आणि ताई देत नाहीत. का देत नाहीत ते मला कोणी सांगत नाही. मी आपला दोघींच्या मधला जावई.

डिस्क उतरवून झाली की एक प्रत धाकटीसाठी काढाल? ताईंना कळायची गरज नाही.

तुमचा,
साडू


५ फेब्रुवारी

वैद्यराज,

शस्त्रक्रिया पार पडली. रुग्ण आणि शल्यविशारद दोघेही जिवंत आहेत, हे आधी कळवतो.

डबा उघडला तेव्हा आत धुळीची एक अख्खी संस्कृती नांदत होती. पंख्याला जी लोकर लागली होती तिचा एखाद्या बाळाला स्वेटर झाला असता. ही टॉर्च धरून उभी.

"हे सगळं परत आत मावेल ना?"

"बाहेर आलंय तेवढंच आत जायचंय."

"तुमचं काय सांगावं! एक काना काढायला बसता आणि अख्खं पान हलवून ठेवता."

पहिल्या प्रयत्नात यंत्र उठलं नाही, नुसतं किंचाळलं. एका बाजूचा खटका मिटला नव्हता. पुन्हा दाबलं, टक् झालं, आणि संन्याशाला शुद्ध आली. फायली आता धाप न लागता उघडतात. चक्र मात्र अजून फिरतं, चहापुरतं.

एक खोटं बोललो. पट्ट्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनी दिल्या असं हिला सांगितलं. "बरे दिले," एवढंच ती म्हणाली. हिच्या 'बरे'ला तळ नसतो. पुढे विचारायचं मी टाळलं.

आणि होय, डिस्क कट-कट करते. आजोबा बोटं मोडतात तशी. झाडताना माझा हात तिच्याकडे गेला तेव्हा टॉर्चचा उजेड हलला. "तिला नका," ही म्हणाली. मी समजावलं की सगळं नवीवर जसंच्या तसं येतं. तिने टॉर्च पुन्हा सरळ धरली आणि म्हणाली, "येऊ दे. पण जुनी टाकायची नाही." एवढी सवलत मिळाली, हे थोडं नव्हे.

त्या ध्वनिमुद्रणाचं म्हणाल तर त्यात विशेष असं काही नाही हो. खोकला, भांड्यांचे आवाज, दाराची कडी. आजारी माणसाचं असंबद्ध बोलणं. ही रविवारी दुपारी ते कानाला लावून बसते, ती तिची सवय. धाकटीला त्याचा त्रासच होईल. याबद्दल सवडीने लिहीन. तूर्त ती नवी डिस्क आणि उतरवण्याचा विधी पाठवावा.

आपला,
पंडित


१२ फेब्रुवारी

पंडित,

सवडीने म्हणे. चार वर्षं तुम्हा दोघांची सवडच चाललीये.

तुम्हाला आठवत नसेल तर सांगतो. सासूबाई आजारी असताना ताईंचा धाकटीला फोन आला होता, "घाई करू नकोस, बरं आहे." धाकटीने घाई केली नाही. पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ताई दारातच म्हणाल्या, "आता कशाला आलीस?" दोघींमधलं शेवटचं वाक्य ते. त्यानंतर तुमच्या घरातून आम्हाला एक हाक आली नाही.

परवा भाजी निवडता निवडता धाकटी मला म्हणाली, "आईने मला एकदा तरी विचारलं असेल का हो?"

"विचारलं असेलच की."

"तुम्ही होतात तिथे?"

मी नव्हतो. तुम्ही होतात तिथे, पंडित. तिला खोकलासुद्धा चालेल. कडीसुद्धा चालेल. तिला कशाचा त्रास होईल ते तुम्ही तिकडे बसून ठरवू नका.

नवी डिस्क आणि पेनड्राइव्ह सोबत आहे. पेनड्राइव्हवर मी दुकानासाठी बनवलेला प्रोग्राम आहे. तो काही विचारत नाही, काही सांगत नाही. तो लावून मशीन चालू केलं की सरळ उतरवायला लागतो. मदरबोर्डवर डिस्कच्या वायरींसाठी ओळीने जागा आहेत, शेजारी आकडे छापलेत. नवी पहिल्या जागी, जुनी दुसऱ्या. एवढं करा. झालं की जुनी काढून ताईंच्या कपाटात ठेवा.

आणि प्रत पाठवा. पाठवायची नसेल तर तसं एका ओळीत लिहा, म्हणजे मी घरी सांगून मोकळा होतो.

साडू


२५ फेब्रुवारी

साडूराव,

सकाळपासून हे पत्र सुरू करतो आहे आणि फाडतो आहे. आता फाडणार नाही.

तुमची चिठ्ठी समोर ठेवली. नवी पहिल्या जागी, जुनी दुसऱ्या. वाचलं आणि माझी पेन्सिल थांबली. माझा जन्म दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका हुडकण्यात गेला आहे. रागाने लिहिताना शब्द उलटसुलट पडतात, हे मी पानोपानी पाहिलं आहे. तुम्ही रागात होतात. पेन इतकं दाबलं होतंत की अक्षरं कागदाच्या पाठीवर उमटली होती. मला वाटलं, पडलंय उलट. जिने बारा वर्षं घर चालवलं तिला मागे उभं करायचं आणि काल आलेलीला पहिलं आसन द्यायचं, असं कुठे असतं का? आधी थोरला, मागून धाकटा. ताट वाढताना तेच, पत्रिकेवर नावं घालताना तेच. मला दुसरा क्रम कधी कोणी शिकवलाच नाही. आणि एवढी ढळढळीत चूक समोर दिसत असताना ती तशीच जाऊ द्यायची, हे माझ्या हाताला जमत नाही.

मी दुरुस्त केली. जुनी पहिल्या जागी लावली, नवी दुसऱ्या.

पडद्यावर एक पांढरी पट्टी सरकू लागली. मी समाधानाने शाळेत गेलो. वर्गात मुलांना सांगितलंसुद्धा, की आज घरी एका देहातून दुसऱ्या देहात जाण्याचा प्रयोग चालू आहे. मुलं हसली. मी परत आलो तेव्हा पट्टी पूर्ण झाली होती. नवी डिस्क लावून पाहिली. रिकामी. बरं, काही तरी अडलं असेल म्हणून जुनी एकटी लावली. तीही रिकामी आहे. आत काही नाही, तरी कट-कट चालू आहे.

प्रुफांचं सोडा, ती छापखान्यात आहेत. माझी टिपणं गेली, त्यांचंही सोडा. ती कोणी वाचणार नव्हतं. सासूबाईंचं ते बोलणं परत येईल ना? तुमच्या दुकानात मेलेल्या डिस्का जिवंत होतात असं मी ऐकलं आहे. डबा अजून उघडाच ठेवला आहे. हिला म्हटलं, काम चालू आहे.

लवकर लिहा. आज शनिवार. उद्या दुपारी ती ऐकायला बसेल.

पंडित


३ मार्च

पंडित,

नाही येणार.

मेलेली डिस्क जिवंत करता येते, कारण तिच्यावरचं लिखाण जागच्या जागी असतं, फक्त वाचता येत नाही. तुमच्या डिस्कवर रिकामेपण लिहिलं गेलंय, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नवीत साठवणीची जागा जास्त आहे. तिचं रिकामेपण जुनीला पुरून उरलं. मी तर सोडाच, कोणीही काही करू शकणार नाही. करतो असं कोणी म्हणालाच, तर तो तुम्हाला लुबाडतोय असं समजा.

माझंही चुकलं. माझ्या प्रोग्राममध्ये पहिली जागा घेणारीची आणि दुसरी देणारीची. हे एक वाक्य लिहायला हवं होतं. रागात उरकलं. ते माझ्या डोक्यातून जात नाही. पण पंडित, लेखकाचं चुकलंय असं वाटलं तर तुम्ही समासात प्रश्नचिन्ह काढता ना? मग मला एक फोन करता आला नाही? दुकानात मी दिवसभर फोनजवळच मरत असतो.

धाकटीला सांगितलं. लपवून किती दिवस लपवणार.

ती म्हणाली, "मुद्दाम केलं. ताईने सांगितलं आणि भावोजींनी केलं."

मी म्हटलं, "अगं, पंडितांना मुद्दाम काही करता आलं असतं तर ते एव्हाना मुख्याध्यापक झाले असते." एरवी या वाक्यावर ती लोळली असती. हसलीसुद्धा नाही. सरळ आत गेली.

आता तरी सांगा. काय होतं त्यावर? आवाज गेला, निदान शब्द तरी द्या. तुम्ही ऐकलेत ना ते?

साडू


१३ मार्च

साडूराव,

आधी हिचं सांगतो.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर तिने हात पुसले, कानाला लावायचं घेतलं आणि खुर्चीवर येऊन बसली. "झालं का तुमचं काम?" म्हणाली.

"गेलं," मी म्हटलं.

"काय गेलं?"

"सगळं."

मी जागांचं, आकड्यांचं, पांढऱ्या पट्टीचं सांगू लागलो. माणूस अशा वेळी किती तपशील सांगतो! ती ऐकत होती. मग तिने ती वायर बोटांवर गुंडाळली, नीट, दर रविवारी गुंडाळते तशी. म्हणाली, "शेवटाकडे आईने मला विचारलं होतं, दमलीस का गं. तेवढंच ऐकायची मी." आणि उठून भांडी घासायला गेली.

मला हे ठाऊक नव्हतं. मी ऐकलं होतं ते सुरुवातीचं. त्या दिवशी माइक चालू ठेवून मी शिकवणीला निघून गेलो होतो. पुढचं त्या दोघींचंच बोलणं होतं. पुढे काही असेल असं मला कधी वाटलं नाही. चार वर्षं ही रविवारी ते लावून बसायची, आणि मी शेजारच्या खुर्चीवर प्रुफं तपासत असायचो.

आता धाकटीच्या वाट्याचे शब्द. दाराची कडी वाजली की सासूबाई विचारायच्या, "धाकटी आली का?" ही म्हणायची, "येईल." दूधवाला आला तरी तेच, शेजारीण आली तरी तेच. मी आत डोकावलो तरीही, "धाकटी आली का?" तेव्हा धाकटीला सांगा की तिला विचारलं होतं. एकदा नाही, कडी वाजेल तितक्यांदा. आणि तो घाई करू नकोसचा फोन हिने मनाने केला नव्हता. डॉक्टर तसं म्हणाले होते, मी शेजारी उभा होतो. "आता कशाला आलीस" हे तिने धाकटीला म्हटलं खरं. पण ज्या माणसाने दिवसभर "येईल, येईल" म्हणत उत्तरं दिली, त्याच्या तोंडून दुसरं काय निघणार?

का देत नव्हती, तेही सांगतो. औषधाची वेळ झाली की सासूबाई हात झिडकारायच्या. "तुम्ही राहू द्या बाई, माझी धाकटी देईल." बाई म्हणजे ही. जिने त्यांना उठवलं, बसवलं, पुसलं, भरवलं, तिला त्या परकी समजत होत्या. आणि ही म्हणते, "बरं, ती देईल. तोवर माझ्या हातून घ्या." आपल्या आईशी अहो-जाहो करून. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, आणि तुम्हाला मी 'असंबद्ध बोलणं' लिहिलं ते याला. हे धाकट्या बहिणीच्या हातात कोणती थोरली बहीण देईल?

तेव्हा साडूराव, 'आली का'चं धाकटीला सांगा. ते तिचं आहे. 'बाई'चं सांगू नका. ते हिचं आहे.

पंडित


२१ मार्च

प्रिय पंडित,

खूप दिवसांनी तुम्हाला चांगलं काही लिहितोय.

तुमचं पत्र आलं आणि मला काही सांगताच येईना. शेवटी पत्रच तिच्या हातात दिलं. तुम्ही एक गोष्ट सांगू नका म्हणाला होतात ते खरं, पण पत्र काही फाडून देता येत नाही, आणि मला वाटलं, तेही तिला कळलेलं बरं. कळायलाच हवं होतं. ती ते घेऊन खिडकीत बसली. चेहरा असा झाला होता की मी दुकान उघडायला गेलोच नाही.

मग आपणहून उठली आणि ताईंना फोन लावला. चार वर्षांनी! फोन स्पीकरवर होता, मी दारात उभा होतो. ती रडत रडत म्हणत होती, "ताई, मला माहीत नव्हतं गं. आई तुला बाई म्हणायची, तरी तू सगळं केलंस. मला माहीतच नव्हतं गं." पुन्हा पुन्हा तेच. ताई शांतपणे ऐकून घेत होत्या. मध्ये एकदा "हं" म्हणाल्या. फोन त्यांनी आपटला नाही, पंडित, हळूच ठेवला. धाकटी त्या दिवसापासून मोकळी झालीये. रात्री नीट झोपते. कालपासून गुणगुणतेय.

डिस्क गेली, पण गाठ सुटली. हरवल्याशिवाय काही सापडत नाही असं तुमच्या संस्कृतात काहीतरी असेलच, ते शोधून लिहा. सुट्टी लागली की दोघं इकडे या. दोघींना एका खोलीत बसवू आणि आपण बाहेरून कडी लावू.

सोबत दुसरा पेनड्राइव्ह आहे. याच्यावरून नवी डिस्क कोरी सुरू करायची. एकच डिस्क लावायची, कोणतीही जागा चालेल. मानापमानाचा प्रश्न नाही.

तुमचाच,
साडू


९ एप्रिल

साडूराव,

तुमची नवी डिस्क विजेसारखी आहे. बटण दाबून मी खुर्ची ओढतो, तोवर संगणक हात जोडून उभा. सुस्कारा नाही, खाकरणं नाही, चक्र नाही. छापखान्याचा मालक परवा म्हणाला, "पंडित, हल्ली उघडता लवकर, पण तपासता उशिरा." त्याचं खरं आहे. एकेक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचतो, आणि चूक दिसली तरी हात उचलत नाही. समासात प्रश्नचिन्हं काढतो. पानं प्रश्नचिन्हांनी भरली आहेत.

तुम्ही मागितलेलं वचन शोधलं. असं संस्कृतात काही नाही.

तो फोन आला तेव्हा मी इथेच होतो. धाकटीचं रडणं मला खुर्चीपर्यंत ऐकू येत होतं, शब्दसुद्धा. ही भिंतीला टेकून उभी होती. तुम्हाला जे शांतपणे ऐकून घेणं वाटलं, ते मी समोरून पाहिलं. 'बाई' हा शब्द आला तेव्हा तिने डोळे मिटले. धाकटीने तो पुन्हा म्हटला आणि पुन्हा म्हटला, मायेनेच म्हटला. तेव्हा ही "हं" म्हणाली. मग फोन ठेवला, हळूच, हेही खरं. माझ्याकडे वळून म्हणाली, "तेही लिहिलंत?"

त्यानंतर ती बोललेली नाही.

तुम्हाला दोष देत नाही. मी लिहिलं तेच तुम्ही दिलंत. धाकटी झोपते आहे, गुणगुणते आहे, हे वाचून बरं वाटलं. तिला यातलं काही कळवू नका. एका घरात तरी गाठ सुटलेली राहू दे.

इथे सगळं यथासांग चालू आहे. डबा वेळेवर भरलेला असतो. शर्टाला इस्त्री असते. कॉलर उलटून शिवली आहे. माझी रक्तदाबाची गोळी वाटीत काढून ठेवलेली असते. शेजारणीशी ती बोलते, दूधवाल्याशी बोलते, मला ते आतून ऐकू येतं. मी काही विचारलं तर मान हलवते. रागाने कपाट लावत नाही, भांडं आपटत नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं. सकाळी एक कप माझ्या टेबलावर येतो, वर बशी झाकलेली. दुसरा आतच राहतो. "उठलं का तुमचं?" असं आता कोणी विचारत नाही, आणि विचारायला वेळही उरलेला नाही, ते उठलेलंच असतं.

जुनी डिस्क टेबलावर पडून होती. एक दिवस तिने ती उचलली, सासूबाईंच्या मऊ झालेल्या पातळात गुंडाळली आणि कपाटात वरच्या खणात ठेवली.

"अगं, रिकामी आहे ती," मी म्हटलं.

तिने किल्ली फिरवली आणि ओढून पाहिली, नीट लागलं का म्हणून.

तिच्या मौनाची मी किती थट्टा केली आहे! तुम्हाला पत्रांतून केली, तिच्या तोंडावर केली. ते धाकटीसाठी होतं तोवर मला विनोद सुचत होते. आता रोज संध्याकाळी शाळेतून येताना एखादा तयार करून आणतो. दारात चपला काढीपर्यंत तो पाठ असतो. आत आलो की म्हणवत नाही.

सुट्टीत आम्ही येणार नाही. काय कारण सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

संगणकाचं आता काही दुखत नाही. छापखान्याचं कसंही निभेल, शाळेचंही. मला एकच सांगायचं आहे आणि ते सांगायला तुमच्याखेरीज मला कोणी नाही. धाकटीशी तिने बोलणं टाकलं, ती सगळी वर्षं मी तिच्या शेजारी बसून काढली आहेत. त्यात एकदाही तिचा आवाज चढला नाही, एकदाही कामाचा हात थांबला नाही. ती अशी राहू शकते, साडूराव. मला भीती वाटते की ही आता माझ्याशी कधीच बोलणार नाही.

पंडित